उभ्या गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असतेच. मालक मेट्रोने ऑफिसला जातो किंवा घरूनच काम करतो, आणि गाडी बाहेर निघते ती थेट गणपतीला गावी जायच्या वेळी. आदल्या रात्री किल्ली फिरवली की नुसतं टकटकटक, पुढे काही नाही. "अहो, पण मी दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवत होतो!" दुखणं नेमकं तिथेच आहे.

स्टार्टर बॅटरीतून दणकून करंट ओढतो. तेवढा चार्ज पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये धड भरून येत नाही, त्यात एसी आणि दिवे चालू असतील तर विचारूच नका. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर त्याची वाफ बाहेर जाते. अर्धवट तापवून बंद केलं, तर ते सायलेन्सरमध्ये साचून तो आतून गंजवतं आणि थोडं ऑइलमध्येही उतरतं. एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 (धुराच्या कडक नियमांत बसणारी) डिझेल गाडी असेल तर आणखी एक ताप. तिच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठते, आणि ती जळायला गाडी हायवेच्या वेगाने सलग पळावी लागते. जागेवर घरघर करून काजळी फक्त वाढते.

म्हणून माझं मत सरळ आहे: आठ-दहा दिवसांतून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर पळवा, नाहीतर इंजिन अजिबात सुरू करू नका. मधला मार्ग सगळ्यात वाईट. आणि बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका, तिथे धूर जिवावर बेततो.

महिनाभर हात लावणार नसाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ थोडा थोडा करंट खातच असतात. हा खर्च 30 मिलिअँपिअर धरला, तरी 30 दिवसांत 21.6 अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरीच 35 अँपिअर-अवरची असते. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. मग रिमोट चालणार नाही, म्हणून दार साध्या किल्लीने उघडतं ना, हे वायर काढायच्या आधीच बघून घ्या. साधा मल्टिमीटर असेल तर 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2च्या खाली गेली की चार्जरला लावा.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करणं ही दुसरी नेहमीची चूक. मागचे ब्रेक शू ओलीने ड्रमला चिकटतात. सपाट जागा असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये) ठेवा आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा विटा लावा. चिकटलेच असतील तर जोरात ॲक्सिलरेटर दाबू नका. हळूच पुढे-मागे करा, 'कट्' आवाज येऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर मेकॅनिकला बोलवा. डिस्कवरचा तांबूस गंज मात्र दोन-चार ब्रेक मारले की जातो, त्याला घाबरू नका.

कव्हरबद्दल लोकांचा फार गैरसमज असतो. धुळकट गाडीवर कव्हर चढवलं की ते वाऱ्याने हलत राहतं आणि रंगावर बारीक ओरखडे पाडतं. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकलं की ओल आतच कोंडते. छपराखाली गाडी असेल तर मी कव्हर घालतच नाही. झाडाखाली असेल तर वायपरच्या खालची जाळी बघा. तिथे पानांचा चिखल साचून पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी केबिनमध्ये शिरतं. पायाखालचं मॅट उचलून खालचा फोम दाबून पाहा. बोटं ओली झाली तर स्टिअरिंगवर पांढरी बुरशी यायला फार दिवस लागणार नाहीत. मॅट उन्हात टाका, फोम सुकेपर्यंत दारं उघडी ठेवा, आणि आधी ती भोकं मोकळी करा.

उंदरांना तंबाखूची पानं वास असेपर्यंत रोखत असतील, पुढे नाही. विषाच्या गोळ्या बॉनेटखाली कधीच ठेवू नका. उंदीर ब्लोअरच्या नळीत जाऊन मरतो, मग डॅशबोर्ड उघडायची वेळ येते. सीटखालची बिस्किटं काढा, गाडी कचऱ्याच्या डब्यापासून लांब लावा. बरेच दिवसांनी स्टार्ट करण्याआधी बॉनेट उघडून बघायचंच: चिंध्या, कुरतडलेला कापूस, लेंड्या दिसल्या तर आधी वायरी तपासा.

टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय हवा जास्त ठेवा आणि अधूनमधून गाडी हातभर सरकवा, म्हणजे एकाच जागी चपटेपणा येत नाही. टाकी भरलेली ठेवा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल शोषून घेतं, आणि रिकाम्या टाकीत दमट हवेला जागाच जागा.

कागदांचंही बघा. बीएस-4 आणि बीएस-6 गाडीची पीयूसी वर्षाने संपते. आणि "गाडी तर उभीच आहे" म्हणून संपलेला विमा पुन्हा काढायचं लांबवलं आणि 90 दिवस उलटले, तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला.