साध्या माणसांच्या कथेतलं प्रतीक कसं ओळखावं

कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. हे काही कुणी सांगायला नको.

दुसऱ्या वाचनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तूंखाली रेघ मारा. अशा कथांत तलवारी नि राजवाडे नसतात. डबा, चप्पल, बसचा पास, फार तर शिलाई मशीन. दोन-तीनदा आलेली वस्तू वहीत उतरवा, बाकीच्या तूर्त सोडा.

खरी मेख पुढे आहे. इथे मी स्वतः कित्येक वर्षं घसरले. परीक्षेच्या गाइडांनी डोक्यात भरलेलं असतं: पाऊस म्हणजे दुःख, खिडकी म्हणजे स्वातंत्र्य, दिवा म्हणजे आशा. ही यादी फाडून टाका. निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरातली कथा असेल, तर फेब्रुवारीतला पाऊस म्हणजे आधी तडकलेले मणी आणि मग व्यापाऱ्याने पाडलेला भाव. दुःखबिःख त्यानंतर.

आमच्या वाचनगटात एकदा सभासदानेच लिहिलेली कथा वाचली. एकटी राहणारी म्हातारी, फळीवर मोठं पितळी पातेलं. ती ते अधूनमधून खाली काढते, आत बघते, परत ठेवते. मी लगेच सांगून मोकळी झाले, "पातेलं हे गतवैभवाचं प्रतीक आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. भांडीबाजारात हयात घालवलेले एक काका तेवढे म्हणाले, "बाई, कल्हई उडालीये त्याची. आतून पिवळं दिसतं असं लिहिलंय की. त्यात कढी केली तर कळकेल."

मी पान उलटून पाहिलं. 'आतून पिवळं', दोनदा. दोन्ही वेळा मी ते रंगाचं वर्णन समजून पुढे गेले होते. म्हातारीला पेन्शन आहे, कल्हईला पैसे नाहीत असं नाही. पण पाच माणसांच्या पातेल्याला एकटीसाठी कल्हई करायची कशाला, हा हिशेब ती दर वेळी आत डोकावून करते. माझं 'गतवैभव' तिथेच गळून पडलं. गेली वीस मिनिटं मी त्यावर बोलत होते, हे वेगळंच.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: वस्तूचा अर्थ विचारण्याआधी तिचं काम विचारा. ती कशासाठी वापरतात, कशाने बिघडते, दुरुस्त कोण करतं? माहीत नसेल तर समीक्षा चाळत बसू नका, ती वापरणाऱ्याला गाठा. मग दर खेपेला तिच्याभोवती काय बदललंय ते बघा. नाशिकला गोदेला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो, तसं. मूर्ती जागची हलत नाही. पाणी तिच्या कमरेला लागलंय की छातीला, यावरून नदीकाठचे दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात.

तरी शंका राहिली तर वस्तू बदलून बघा. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मध्ये लहानगा हमीद जत्रेत तीन पैशांना चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना आजीची बोटं भाजतात. त्याऐवजी त्याने तिला बांगड्या घेतल्या असत्या, तर माया कळली असती, पण पोराचं लक्ष आजीच्या बोटांकडे होतं हे कळलं नसतं. बदलून काहीच बिघडत नसेल, तर वहीतलं ते नाव खोडा.

आशयसूत्र, म्हणजे कथा शेवटी काय म्हणते ते, आता दोन मिनिटांचं काम. 'एकटेपणा', 'गरिबी' असा एक शब्द लिहू नका, तो विषय झाला. क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे कुणाला तरी ते खोडता येईल. पातेल्याच्या कथेसाठी मी लिहिलं होतं, 'माणसं गेली तरी ती घराचं माप कमी करत नाही.' काकांना ते आजही मान्य नाही. त्यांचं म्हणणं, केलंय की कमी, म्हणून तर कल्हई राहिली.