स्टेपनीवर सामान नेताना: काय बांधावे आणि कसे बांधावे

थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्यांची स्टेपनी मागच्या दरवाजावर बाहेरच्या बाजूने बसवलेली असते. चार माणसे आणि त्यांच्या पिशव्या आत बसल्या की डिकीत फारशी जागा उरत नाही, आणि मग राहिलेली प्रत्येक वस्तू स्टेपनीला अडकवावीशी वाटते. पुण्याहून वेल्हे, ताम्हिणी किंवा रायरेश्वराकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांवर तसे केलेले दिसते. स्टेपनीवर सामान जरूर न्यावे. मात्र ते आकाराने मोठे, वजनाने हलके आणि गाडीच्या आत नकोसे वाटणारे असावे. चिखलाने भरलेले बूट, ओली ताडपत्री, भिजलेला तंबू आणि मुक्कामावरून परत आणायचा कचरा यांची खरी जागा तिथेच आहे.

वजनाबद्दल इतका आग्रह धरण्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. मागच्या आसाच्याही मागे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते, म्हणजे मागची बाजू दाबते आणि पुढची उचलते. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, २४५० मिलिमीटर आहे. मागच्या आसापासून साधारण एक मीटर मागे २० किलो वजन टांगले, तर पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ८ किलोंनी कमी होतो आणि मागच्या आसावर २० नव्हे, तर २८ किलो भार वाढतो. घाटाच्या ओल्या चढावर सुकाणू पुढच्या चाकांच्या पकडीवरच चालते, त्यामुळे हा आकडा लहान मानू नये. त्याहून मोठी चिंता मागच्या दरवाजाच्या बिजागऱ्यांची आहे. त्या मुळातच एका जड चाकाचा भार सतत पेलत असतात आणि गाडी खड्ड्यात आपटली की तो भार क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. म्हणून पाण्याचा २० लिटरचा कॅन, पोलादी शॅकल (गाडी ओढताना दोर अडकवायची कडी), जॅक आणि हत्यारांची पेटी ही आतच, मागच्या सीटला लागून, जमिनीलगत ठेवावीत. माझ्या मते स्टेपनीवरचे सामान पिशवीसकट सात-आठ किलोंच्या पलीकडे जाऊ नये, आणि वाहन उत्पादकाच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच पाळावी. इंधनाचा कॅन तर मागे कधीच बांधू नये, कारण मागून धडक बसली की पहिला आघात त्यावरच होतो.

स्टेपनीवर बांधायची पिशवी जाड कॅनव्हासची किंवा ताडपत्रीच्या कापडाची घ्यावी आणि तिच्या तळाला पाणी निथळण्यासाठी भोके असावीत. तशी तयार पिशवी मिळाली नाही, तर चांगल्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून स्टेपनीच्या मापाने शिवून घेता येते. नायलॉनच्या पट्ट्या आणि बकल पुण्याच्या बोहरी आळीत मिळतात. गाठीऐवजी बकलच का, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पानशेतकडून वेल्ह्याला जाताना भर पावसात, रात्री टायर पंक्चर झाला आणि स्टेपनीवर दोरीने बांधलेल्या सामानाच्या गाठी भिजून इतक्या आवळल्या होत्या की शेवटी दोरी कापावी लागली. स्टेपनी हे आधी सुटे चाक आहे आणि त्यानंतर सामानाची जागा आहे. एका माणसाला दोन मिनिटांत सगळे सोडवता आले पाहिजे.

बांधण्यापूर्वी स्टेपनीचे नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळून घ्यावेत. दरवाजा थोडा उघडून त्याचे मोकळे टोक हाताने वर उचलून पाहावे. ते खुळखुळत असेल, तर बिजागरी दुरुस्त होईपर्यंत काहीही टांगू नये. पिशवी भरताना त्यातल्या त्यात जड वस्तू तळाशी आणि चाकाला लागून ठेवावी. वरच्या दोन पट्ट्या टायरच्या माथ्यावरून मागे न्याव्यात, तिसरी पट्टी टायरच्या खालून घ्यावी आणि चौथी आडवी फिरवून चारही आवळाव्यात. पट्टी वायपर, दरवाजाची मूठ किंवा कॅमेऱ्याची तार यांच्यावरून जाऊ देऊ नये. लांब सपाट पट्टी वाऱ्याने घुमते, तिला अर्धा पीळ दिला की आवाज थांबतो. उरलेली टोके गुंडाळून बांधावीत, नाहीतर ती लोंबकळत सायलेन्सरपर्यंत पोहोचतात आणि वितळतात. केवळ हुक लावलेल्या इलॅस्टिक दोरांवर भरवसा ठेवू नये. प्रत्येक धक्क्याला ते ताणतात आणि सामान उसळते.

यानंतर गाडीच्या मागे दहा पावले जाऊन पाहावे. नंबर प्लेट, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर पूर्ण दिसले पाहिजेत. थारमध्ये मागची काच वर उघडते आणि खालचा दरवाजा बाजूला उघडतो, म्हणून पिशवीचा वरचा काठ काचेच्या वाटेत येत नाही ना, हे प्रत्यक्ष उघडून तपासावे. पिशवी बंपरच्या खाली उतरता कामा नये, कारण ओढ्यातून वर चढताना तीच प्रथम जमिनीला घासते.

पट्ट्या सुरुवातीला सैल पडतातच. कोथरूडहून ताम्हिणीकडे निघाल्यास पिरंगुटला थांबून त्या पुन्हा आवळाव्यात, आणि कच्चा रस्ता सुरू होण्यापूर्वी आणखी एकदा. उतारावर गाडी उभी असताना दरवाजा उघडायचा असेल, तर तो हातात धरूनच उघडावा. जड झालेला दरवाजा वेगाने फिरतो आणि मागे उभे असलेल्या मुलाला लागू शकतो.

ज्यांना खरोखर जास्त भार न्यायचा आहे, त्यांच्यासाठी चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, जोडलेल्या बंपरवर फिरणारी लोखंडी चौकट हा योग्य उपाय आहे, कारण तिचा भार दरवाजावर येत नाही. मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांना बंधन घालते, म्हणून आरटीओत विचारल्याशिवाय ती बसवू नये.

घरी परतल्यावर पिशवी त्याच दिवशी उतरवावी, धुऊन उलटी वाळत घालावी आणि तिच्यामागे अडकलेला चिखल रिमवरून काढून टाकावा.