'लेट इट बी' पहिल्या गाण्यापासून ऐकू नका

बीटल्सचा हा अल्बम बाजारात शेवटी आला, ८ मे १९७० ला. पण त्यातलं बरंचसं काम आधीच बाजारात आलेल्या 'ॲबी रोड' या अल्बमच्याही आधीचं, जानेवारी १९६९ चं. त्यामुळे तो सरळ क्रमाने लावला की नुसता विस्कळीत वाटतो. मी सांगतो तसा ऐका, हेडफोन लावून.

सुरुवात गच्चीवरून करा: 'डिग अ पोनी', 'आयव्ह गॉट अ फीलिंग', 'वन आफ्टर ९०९'. ही तिन्ही ३० जानेवारीला लंडनमधल्या सॅव्हिल रोवरच्या त्यांच्या ऑफिसच्या गच्चीत वाजवलेली. आता फक्त पाहुणा वादक बिली प्रेस्टनच्या इलेक्ट्रिक पियानोकडे कान द्या. १० जानेवारीला ट्विकनहॅमच्या फिल्म स्टुडिओतून बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन चक्क बँड सोडून निघून गेला होता. तो परतल्यावर ट्विकनहॅमला रामराम ठोकून मंडळी ऑफिसच्या तळघरात आली आणि २२ तारखेला प्रेस्टन येऊन बसला. घरात पाहुणा आला की भांडणारे भाऊ आवाज खाली आणतात, तसंच झालं.

मग 'द लाँग अँड वाइंडिंग रोड', आणि इथे घाई नको. आधी 'अँथॉलॉजी ३' या नंतरच्या संग्रहातलं ऐका. याच अल्बमच्या नंतर आलेल्या 'नेकेड' आवृत्तीतलं नको, तो टेकच (म्हणजे वाजवून केलेलं रेकॉर्डिंगच) वेगळा आहे. 'अँथॉलॉजी'तल्या टेकमध्ये बेस गिटार जॉन लेननच्या हातात आहे आणि तो ठिकठिकाणी चुकतो. दोन-तीनदा ऐकलंत तर सहज पकडाल. त्यानंतर अल्बममधलं लावा. टेक तोच, पण १ एप्रिल १९७० ला निर्माता फिल स्पेक्टरने त्यावर ऑर्केस्ट्रा आणि बायकांचा कोरस चढवला, गाणं लिहिणाऱ्या पॉल मॅकार्टनीला न विचारता. १४ एप्रिलला मॅकार्टनीने पत्र लिहून हा सगळा साज कमी करायला सांगितलं. काही बदललं नाही. वर्षअखेरीस मॅकार्टनी बँडची भागीदारी मोडायला कोर्टात गेला, तेव्हा हे गाणंही तक्रारीत होतं. स्पेक्टरला शिव्या घालायची फॅशन आहे. मला मात्र वाटतं, तो बेस झाकायला काहीतरी हवंच होतं. हार्पची गरज नव्हती, एवढंच.

शीर्षकगीत 'लेट इट बी' सिंगलवरचं (म्हणजे वेगळ्या छोट्या रेकॉर्डवर आलेलं) आणि अल्बमवरचं लागोपाठ लावा. मूळ टेक एकच, गिटारचा सोलो निराळा. सिंगलवरचा एप्रिल १९६९ चा आहे, अल्बमवरचा जानेवारी १९७० चा. मला दुसराच आवडतो, त्यात धार आहे.

'आय मी माइन' सगळ्यात शेवटी. ३ जानेवारी १९७० ला ते तिघांनीच वाजवलं, लेनन नव्हताच. गाणं जेमतेम दीड मिनिटाचं होतं, स्पेक्टरने त्यातलाच तुकडा पुन्हा जोडून ते लांबवलं. उत्तरार्धात तेच गाणं, तोच ठेका, तीच गिटार परत येते. जोड कुठे आहे ते शोधा. सापडला की बाकीची गाणी हव्या त्या क्रमाने ऐका.