शोधनिबंध शोधायला बसण्याआधी

समजा, लघुप्रबंधाचा विषय ऊसतोड मजुरांचं हंगामी स्थलांतर आहे. पहिली फेरी ग्रंथालयात मारा आणि ग्रंथपालांकडून एन-लिस्टचा युजर आयडी घ्या. नियतकालिकं आणि पुस्तकं ऑनलाइन वाचायला देणारी, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची ही सेवा महाविद्यालयांसाठीच आहे, आणि आयडी असला की घरूनही लॉगिन होतं. नाव ग्रंथपालच नोंदवतात, म्हणून हे सुटी लागण्याआधी उरका. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दलही तेव्हाच विचारा. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात मिळतात, पण केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांना. खासगी कॉलेजात ती मिळतीलच असं धरून चालू नका.

आता कागद-पेन घ्या. खरी मेहनत इथे आहे, आणि नेमकी हीच टाळली जाते. विषयाचं अख्खं वाक्य शोधचौकटीत टाकलं की हाती काही लागत नाही. विषयाचे तीन तुकडे करा: माणसं, हालचाल, ठिकाण. प्रत्येकाखाली इंग्रजी पर्याय लिहा. माणसांसाठी ‘शुगरकेन कटर्स’, ‘केन कटर्स’, ‘शुगरकेन हार्वेस्टर्स’, प्रत्येक जोडशब्द अवतरणचिन्हांत. ‘लेबर’ यू घालून आणि यूशिवाय, दोन्ही प्रकारे. ठिकाणात महाराष्ट्र, मराठवाडा, बीड. जुन्या लेखनात बीडचं स्पेलिंग ‘भीर’ असंही सापडतं. एका तुकड्यातले पर्याय ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवा आणि तिन्ही कंस ‘अँड’ने जोडा. कंस द्यायचे राहिले तर बरेच डेटाबेस आधी ‘अँड’ सोडवतात आणि भलतेच निकाल येतात.

शब्दाच्या मुळापुढे तारांकन (*) दिलं की त्याची सगळी रूपं येतात, पण कुठे तोडता ते बघा. मायग्रेशन टी या अक्षरापर्यंत ठेवून (migrat*) तोडलं तर मायग्रंट निसटतो. एक अक्षर आधी (migra*) तोडलं तर मायग्रेन, म्हणजे अर्धशिशीसुद्धा आत येते. दोन्ही शब्द पूर्ण लिहून ‘ऑर’ने जोडणं बरं.

जेस्टोर या शोधनियतकालिकांच्या डेटाबेसवर ‘आर्टिकल्स’ एवढाच प्रकार निवडा, नाहीतर पुस्तक परीक्षणांचीच गर्दी होते. तिथल्या बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात. तुमच्या शोधात ताजं काही आलं नाही, म्हणजे ते लिहिलंच गेलं नाही असं नव्हे. ते प्रकाशकाच्या साइटवर बघा. तिथे पैसे मागितले तर भरू नका. डीओआय, म्हणजे १० ने सुरू होणारा लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, उतरवून घ्या, लेखांच्या मोफत प्रती शोधून देणाऱ्या अनपेवॉलवर प्रत आहे का पाहा, नाहीतर ग्रंथपालांना द्या.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, जवळच्या विषयाचा प्रबंध मिळाला तर संदर्भसूचीची फाइल आधी उतरवा. तिथे प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो आणि सूची शेवटी, म्हणून ती राहून जाते. तुमचे निम्मे संदर्भ तिच्यातच असू शकतात.

वहीत रोज तारीख, डेटाबेस, वापरलेली शोधओळ आणि निकालांची संख्या लिहा. लेखाचा पत्ता म्हणून ब्राउझरमधली ओळ उतरवू नका, लॉगिन संपलं की ती बऱ्याचदा उघडत नाही. डीओआयच लिहा.