हँडहेल्ड गेमिंग पीसी घेताय? आधी गेमची यादी करा

प्रोसेसरचे आकडे नंतर बघू. आधी कागद घ्या आणि येत्या सहा महिन्यांत खरोखर खेळणार आहात असे पाच गेम लिहा. ‘कधीतरी खेळेन’वाले नकोत.

यादीत फोर्टनाइट किंवा डेस्टिनी 2 असेल, तर निम्मा निकाल तिथेच लागला. हे गेम स्टीमओएसवर, म्हणजे स्टीम डेकच्या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीवर, चालत नाहीत, कारण त्यांच्या कंपन्यांनी अँटी-चीटला (खेळातली लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला) लिनक्सची मुभा दिलेली नाही. गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीवरचे गेम डाउनलोड करून खेळायचे असतील तरीही विंडोजच हवं, म्हणजे आसूसचा आरओजी अ‍ॅलाय किंवा त्याच्या जातीचं काहीतरी. यातलं काही नसेल, तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमपुढे ‘व्हेरिफाइड’ (डेकवर नीट चालतो) लिहिलंय का ते तपासा आणि स्टीम डेक किंवा लेनोवोचा स्टीमओएसवाला लिजन गो एस बघा. माझा कल इकडेच. पॉवरचं बटण दाबलं की गेम आहे तिथे गोठतो, पुन्हा दाबलं की तिथूनच सुरू. दहा-दहा मिनिटं चोरून खेळणाऱ्याला याची किंमत कळते. विंडोजवर झोपवलेलं यंत्र नीट जागं होईलच, असं छातीठोक सांगता येत नाही.

मग वजन. स्टीम डेक ओएलईडी 640 ग्रॅमचा, पहिला लिजन गो कंट्रोलरसकट 854 ग्रॅमचा. फरक किरकोळ वाटतो ना? एका बाटलीत पाणी भरून वजनकाट्यावर 854 ग्रॅम करा, पलंगावर आडवे व्हा आणि ती दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरून अर्धा तास व्हिडिओ बघा. मनगटं काय ते सांगतील.

बॅटरीचा हिशेब साधा भागाकाराचा. बॅटरी किती वॉट-तासांची, भागिले पूर्ण यंत्र किती वॉट खातं. जड गेम चालू असताना यंत्र 25 वॉट ओढत असेल, तर डेक ओएलईडीची 50 वॉट-तासांची बॅटरी दोन तास पुरेल, अ‍ॅलाय एक्सची 80 ची तीन तासांच्या थोडी वर. पहिल्या अ‍ॅलायमध्ये जेमतेम 40 आहे. तो घेतलात तर चार्जर हाताशी ठेवा.

स्क्रीनच्या आकड्यांना भुलू नका. लिजन गोच्या 2560×1600 मध्ये डेकच्या 1280×800 च्या बरोब्बर चौपट पिक्सेल आहेत, आणि ते रंगवायचं काम त्या चिमुकल्या चिपनेच करायचं. नवे जड गेम तिथे रिझोल्यूशन उतरवूनच खेळावे लागतात. ओएलईडीचा गडद काळा रंग मात्र रोज डोळ्यांना जाणवतो.

स्टोरेजवर अडून बसू नका. यातल्या बहुतेकांत मायक्रोएसडी कार्ड बसतं. छोटे गेम त्यावर टाका, मोठे आतल्या एसएसडीवर.