भजनाच्या जुन्या कॅसेटी आणि त्यात अडकलेल्या आठवणी कशा उतरवायच्या

पेंडॉलात तरटावर बसून ज्यांनी रात्ररात्र खंजेरी भजन ऐकलं, त्यांना नुसतं "आबाजी, तेव्हा कसं असायचं?" विचारलं तर "लय मजा यायची" एवढंच हाती लागतं. तोच आवाज कानावर पडला की मात्र पेटीवर कोण होतं, लाइट कितीदा गेली, चहा कोणाच्या घरून आला, सगळं आपोआप निघतं. म्हणून आधी कॅसेट, मग माणसं. हा क्रम उलटा करू नका.

विदर्भातल्या घरांत अशा कॅसेटी अजून निघतात: सप्त्यातली भजनं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचे कार्यक्रम, भीमजयंतीचे कव्वालीचे सामने, झाडीपट्टीत पहाटेपर्यंत चाललेली संगीत नाटकं. त्या बहुतेक टिनाच्या छपराखाली पडलेल्या असतात. उन्हाळ्यात पारा 45 वर गेला की कॅसेटचं प्लास्टिक वाकतं, पावसाळ्यात फितीला बुरशी धरते.

कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे मागच्या कडेच्या दोन्ही कुड्या, म्हणजे प्लास्टिकचे छोटे तुकडे, मोडा. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दबतच नाही आणि चुकून पुसलं जायची भीती संपते. मग खिडकीतून फितीची गुंडाळी पाहा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट वाजवू नका. ती भुकटी टेपच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. फीत सैल असेल तर चक्रीत पेन्सिल घालून ताणून घ्या. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करा. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेली गुंडाळी त्याने मोकळी होते आणि फीत अडकून तुटत नाही.

आवाज अगदी दबका येत असेल तर आत तांब्याच्या पट्टीवरचा फेल्टचा बारीक तुकडा पडलाय का ते बघा. तोच फितीला हेडवर दाबून धरतो. पडला असेल तर पाच स्क्रूची रिकामी कॅसेट घ्या आणि दोन्ही गुंडाळ्या जशाच्या तशा तिच्यात बसवा. तुटलेली फीत जोडायला साधा सेलोटेप कधीच वापरू नका. त्याचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि वेढे एकमेकांना चिकटतात. जोडपट्टी वेगळी मिळते. ती हेडला टेकणारी बाजू सोडून मागच्या बाजूने लावायची.

टेपचं हेड दर चार-पाच कॅसेटींनंतर पुसा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे मिळतं. रबरी रोलरला मात्र ते लावू नका, ओलसर फडकं पुरे.

हेड साफ असूनही खंजेरीच्या झांजा बोथट ऐकू येत असतील तर हेडचा कोन चुकलाय. हेडच्या बाजूला दोन स्क्रू असतात, त्यातला स्प्रिंग असलेला कोन बदलतो. मूळ जागेवर मार्करने खूण करा आणि गाणं चालू ठेवून तो अगदी थोडाथोडा, पाव फेऱ्याच्या आतच, फिरवा. माणसाच्या आवाजावरून हा फरक कळत नाही, झांजेवरून कळतो. झांजेचा छन् स्वच्छ सुटा ऐकू आला की थांबा. हा कोन ज्या टेपवर भरलं त्याच्याशी जुळवायचा असतो, म्हणून दुसऱ्या टेपवर भरलेली कॅसेट आली की पुन्हा पाहावं लागतं.

लॅपटॉपला जोडताना लाइन-इन असलेलं यूएसबी साऊंड कार्ड घ्या. माइकच्या भोकात टेपचा आवाज घातला तर तो फाटतो. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर बऱ्याचदा मागे एकसारखी घूं येते. रेकॉर्डिंगचं ऑडॅसिटी सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. डब्ल्यूएव्ही फाइल, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट. एका तासाला स्टिरिओत साधारण 600 एमबी लागतात. पातळी ठरवताना सुरुवातीच्या नमनावर जाऊ नका. शेवटचा गजर लावून बघा, तिथे सगळे एका दमात उठतात. त्या जागी काटा उणे 6 डेसिबलच्या वर जायला नको.

आता बॅटरीची गोष्ट. शेतकऱ्याच्या टेपमध्ये सेल उतरत आले की मोटर हळू फिरायची. हळू भरलेली फीत आज बरोबर वेगाने वाजवली की गायकाचा आवाज शेवटाकडे बारीक आणि घाईचा होत जातो. गायक तसा गातच नव्हता. तपासायला पेटी जवळ घ्या. भजनातला सूर काळी चार आणि तिच्या लगतची पांढरी सहा यांच्या मध्येच कुठेतरी लटकत असेल आणि पुढे-पुढे वर सरकत असेल तर वेग बिघडलाय. एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात साधारण 6 टक्के. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.

आणि काहीही झालं तरी दोन भजनांच्या मधलं बोलणं कापू नका! "अमुक पाटलांकडून अकरा रुपये बक्षीस", "माइक टेस्टिंग", "ज्यांची बंडी रस्त्यात आहे त्यांनी काढावी", ही सगळी माहिती आहे. निवेदक गडचिरोलीकडच्या गावाचा जिल्हा चंद्रपूर सांगत असेल तर कार्यक्रम 26 ऑगस्ट 1982 च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. गोंदियाकडचं गाव भंडाऱ्यात असेल तर 1 मे 1999 च्या आधीचा, वाशिमचं अकोल्यात असेल तर 1 जुलै 1998 च्या. सवयीने जुनंच नाव घेणारेही असतात, म्हणून एकाच खुणेवर तारीख ठरवू नका. कॅसेटवरच्या लेबलावर तर त्याहून कमी भरवसा, तीच कॅसेट चारदा वापरलेली असते. कार्यक्रम संपला तरी बाजू शेवटपर्यंत ऐका. पुष्कळदा तिथे आधीच्या कार्यक्रमाचं शेपूट उरलेलं असतं.

फाइल झाली की माणसं बोलवा. चार ते सहा, त्याहून जास्त नको, नाहीतर सगळे एकदम बोलतात. एक पेटीवाला किंवा खंजेरीवाला, एक मागे झील धरणारा, दोघं-तिघं नुसते ऐकणारे. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी बसत नाही, झडीची दुपार धरा. छपरीत बसा, टिनाखाली नाही, पावसाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून रेकॉर्डिंग लावा आणि तो बोलणाऱ्यांच्या मध्ये ठेवा, स्पीकरजवळ नाही. बायांची बैठक वेगळी घ्या. त्या पेंडॉलात दुसऱ्या अंगाला बसायच्या, त्यांनी पाहिलेलं वेगळं असतं आणि पुरुषांसमोर त्या ते सांगत नाहीत.

सलग वीस मिनिटं ऐकवा. कोणी बोलायला लागलं की आवाज कमी करा, बंद करू नका. "कोणतं साल होतं?" हे विचारू नका, उत्तर अंदाजाने येतं. विचारा: तेव्हा सोयाबीन आलं होतं का? पेट्रोमॅक्स होता की ट्यूबलाइट? बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? महाराज होते तेव्हा की नंतर? तुकडोजी महाराजांचं निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 चं, त्यामुळे या एका प्रश्नाने खूप उलगडतं. दोघांचं जुळलं नाही तर दोघांचंही लिहा, निवाडा करू नका. आणि उठण्याआधी विचारून घ्या: हे बाहेर ऐकवलं तर चालेल का? नाव टाकायचं का? बक्षिसाच्या घोषणेतली नावंही कोणाची तरी आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबला जाऊ शकतो. फाइलच्या नावात गाव, प्रसंग, अंदाजे साल आणि बाजू एवढं हवं. तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर. मूळ कॅसेट फेकू नका. ती पूर्ण मागे करून, उभी, स्पीकरपासून लांब, मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवा. बैठकीत ज्यांनी आवाज ओळखले त्यांची यादी कागदावर लिहून त्याच डबीत घाला.