घरी बनवलेला व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्प : या चुका टाळा

माइकसाठी व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प घरी बनवणं अवघड नाही. प्रीअ‍ॅम्प म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा, आणि व्हॉल्व्ह म्हणजे ते काम करणारी काचेची नळी. एक-दोन ईसीसी८३ (अमेरिकन नाव १२एएक्स७), बरा इनपुट ट्रान्सफॉर्मर, स्वच्छ सप्लाय आणि पत्र्याचा डबा एवढं पुरतं. सर्किट कित्येक दशकं तेच आहे आणि ते नीट चालतं. तरीही ‘चालू होतो, पण हमिंग येतं’ अशी तक्रार घेऊन आलेले डबे उघडले की आत त्याच त्या चुका दिसतात. सर्किट चुकलेलं क्वचितच असतं. चुकते ती जोडणी, आणि त्याहून जास्त चुकते दोष शोधण्याची पद्धत.

आधी सुरक्षेचं. या डब्यात २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. गिटारच्या पेडलची किट जोडून हात बसलाय म्हणून थेट इथे उडी मारणारे बरेच भेटतात. त्यांना मी सांगतो की आधी मल्टिमीटरने ३०० व्होल्ट मोजायची सवय करा, तीही एक हात खिशात ठेवून.

हमिंग आलं की व्हॉल्व्ह बदलणं

या चुकीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. हमिंग आलं की पहिला संशय बिचाऱ्या व्हॉल्व्हवर. मग जुन्या मलार्ड किंवा टेलिफुंकन कंपनीच्या व्हॉल्व्हचा शोध सुरू होतो, एकेका व्हॉल्व्हला काही हजार मोजले जातात आणि हमिंग जिथल्या तिथे राहतं.

एका तरुण गायकाने असाच डबा आणला होता. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईसीसी८३ काढून त्याने परदेशी जोडी बसवली होती. नंतर सप्लायचे सगळे कपॅसिटर बदलले, आतून तांब्याची पट्टी चिकटवली आणि इनपुटची वायरही बदलली. प्रत्येक वेळी ‘थोडं कमी झाल्यासारखं वाटलं’. ‘वाटलं’ या शब्दावर माझा अजिबात विश्वास नाही. किती होतं आणि किती झालं, ते आकड्यात सांगा.

पहिलं काम म्हणजे हमिंग कुठल्या फ्रिक्वेन्सीचं आहे ते पाहणं. आपली मेन्स ५० हर्ट्‌झची. हीटरच्या (व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारेच्या) वायरिंगमधून किंवा मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरतं ते ५० हर्ट्‌झ. ते खोल आणि गुळगुळीत ऐकू येतं. ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) पुढून, म्हणजे फिल्टरमधून किंवा चुकीच्या ग्राउंडमधून येतं ते १०० हर्ट्‌झ, त्याच्या पटीतल्या वरच्या फ्रिक्वेन्सी सोबत घेऊन. ते खरखरीत असतं. कानाला फरक कळत नसेल तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकटचं अ‍ॅप घ्या किंवा पाच सेकंद रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरमध्ये बघा. एवढ्यावर निम्मे संशयित बाद होतात.

त्या डब्यात दोन्ही होती, ५० हर्ट्‌झ जास्त. बंद करून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून मी हीटरच्या पिनेपासून चासीपर्यंत (डब्याच्या पत्र्यापर्यंत) रेझिस्टन्स मोजला. मीटर हललाच नाही. ६.३ व्होल्टचं वाइंडिंग अधांतरी होतं, ग्राउंडशी त्याचा काही संबंधच नव्हता. अशा वेळी हीटर आणि कॅथोड (हीटरने तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यातल्या गळतीतून आणि कपॅसिटन्समधून मेन्स सरळ सिग्नलमध्ये उतरते. वाइंडिंगच्या दोन्ही टोकांपासून १००-१०० ओमचे दोन रेझिस्टर मधल्या एका बिंदूला आणले आणि तो बिंदू ग्राउंड केला. खोल हमिंग जवळपास गेलं. दोन रेझिस्टरांना चहाइतकाही खर्च आला नाही.

उरलेल्या १०० हर्ट्‌झचं कारण ग्राउंडमध्ये सापडलं. पहिल्या फिल्टर कपॅसिटरचं निगेटिव्ह त्याने सोय म्हणून जवळच्या टॅगला, म्हणजे इनपुट सॉकेटच्या ग्राउंडला, जोडलं होतं. हा कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा झटक्याने चार्ज होतो. तो झटक्यांचा करंट इनपुटच्या ग्राउंडमधून वाहत असेल तर पुढचे व्हॉल्व्ह तो इमानाने वाढवणारच. म्हणून ब्रिजचं निगेटिव्ह आणि पहिल्या कपॅसिटरचं निगेटिव्ह आधी एकमेकांना थेट जोडा. त्या कपॅसिटरच्या पायापासून एकच वायर पुढे न्या. तिच्यावर क्रमाने शेवटची स्टेज (स्टेज म्हणजे सिग्नल वाढवण्याचा एक टप्पा), मग आधीची, मग इनपुट, आणि इनपुटपाशी एकाच जागी चासी. ही वायर मी जाड, उघड्या तांब्याची घेतो. दिसायला जुनाट, पण कुठला करंट कुठून जातो ते डोळ्यांना दिसतं.

पुढच्या डब्यात मी एक पाऊल आणखी जातो. २८० व्होल्टच्या सप्लायवर २२० किलोओम आणि ४७ किलोओम असा डिव्हायडर लावला की मध्ये जवळपास ५० व्होल्ट मिळतात. त्या १००-१०० ओमच्या जोडीचा मधला बिंदू ग्राउंडऐवजी इथे जोडायचा आणि तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा कपॅसिटर द्यायचा. हीटर कॅथोडपेक्षा पॉझिटिव्ह झाला की हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती थांबते. हाच डिव्हायडर ब्लीडरचंही काम करतो, म्हणजे बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करतो. फिल्टरचे एकूण १०० मायक्रोफॅरड धरले तर प्लग काढल्यावर दोन मिनिटांत ३-४ व्होल्ट उरतात. तरी हात घालण्याआधी मोजायचंच. २२० किलोओमचा रेझिस्टर एक वॉटचा घ्या. पाव वॉटचा सर्वसाधारण कार्बन फिल्म २५० व्होल्टपर्यंतच चालवायचा असतो, आणि हे वॉटच्या हिशेबात दिसत नाही.

हमिंग कुठल्या स्टेजमध्ये शिरतंय ते शोधताना मागून पुढे या. डबा बंद करा, दुसऱ्या स्टेजचा ग्रिड (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल शिरतो ती पिन) ग्राउंडला जोडा, परत चालू करा. हमिंग राहिलं तर दोष तिथे किंवा सप्लायमध्ये. गेलं तर तो आधीच्या स्टेजमध्ये. मग पहिला ग्रिड. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलून हमिंग गेलं, तर कशाने गेलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि पुढच्या डब्यात ते परत येईल.

अर्थची पिन तोडणं

यावर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. तीन पिनांच्या प्लगची अर्थ काढली की हमिंग जातं, हा सल्ला हौशी मंडळींत सर्रास दिला जातो. हमिंग जातं हे खरं आहे. पण ज्या वायरमुळे माणूस वाचणार होता तीही जाते.

माइकची धातूची जाळी केबलच्या शील्डमधून (बाहेरच्या तारांच्या वेष्टनातून), माइकच्या सॉकेटमधल्या पिन १ मधून तुमच्या डब्याच्या चासीला जोडलेली असते आणि गाणाऱ्याचे ओठ जाळीला टेकतात. आत प्रायमरीची एखादी वायर सुटून पत्र्याला लागली तर अर्थ असलेल्या डब्याचा फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर सगळा पत्रा २३० व्होल्टवर जातो आणि माइकही. दुसऱ्या हाताने लॅपटॉप किंवा गिटार धरलेली असली की करंटचा रस्ता छातीतून जातो. पिन तोडलेला डबा माझ्याकडे आला की मी आधी प्लग बदलतो आणि मगच झाकण उघडतो. मालकाला घाई असेल तर त्याने दुसरीकडे जावं.

हमिंगचं मूळ लूपमध्ये असतं. तुमचा डबा अर्थ झालाय, कॉम्प्युटरही अर्थ झालाय आणि दोघांना शील्ड जोडते, असा तो लूप. त्याचे उपाय सिग्नलच्या बाजूला आहेत. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर लावून बॅलन्स्ड आउटपुट (सिग्नल दोन वायरींतून, शील्ड वेगळी) द्या. शील्ड उचलायचीच असेल तर आउटपुटच्या केबलची, एका टोकाला उचला. आणि पिन १ थेट चासीला, सॉकेटपाशीच, आखूड वायरने जोडा, सिग्नल ग्राउंडच्या वायरवर नाही. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी १९९५ साली हा मुद्दा सविस्तर मांडला, तरी घरगुती डब्यांत आजही पिन १ पार पलीकडच्या टोकाला गेलेली दिसते.

जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोकं असली तरी मागे अर्थ असेलच असं नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्टच दिसले पाहिजेत. भलताच आकडा दिसला तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पहिल्यांदाच थेट मेन्सवर लावणं

सिरीज बोर्ड वापरा. ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. वीस रुपयांच्या बल्बने कितीतरी ट्रान्सफॉर्मर वाचवलेत.

व्होल्टेज न मोजता आवाज ऐकायला बसणं

अ‍ॅनोडला (वाढलेला सिग्नल व्हॉल्व्हमधून निघतो त्या पिनेला) १०० किलोओम, कॅथोडला दीड किलोओम आणि २८० व्होल्ट सप्लाय असेल तर ईसीसी८३ च्या अ‍ॅनोडवर १७० ते १९० आणि कॅथोडवर दीड व्होल्टच्या आसपास यायला हवेत. म्हणजे साधारण एक मिलिअँपिअर. अ‍ॅनोडवर पूर्ण २८० दिसतात? मग करंट वाहतच नाहीये, हीटर आणि कॅथोडची जोडणी तपासा. दुसऱ्या स्टेजच्या कॅथोडवर तीन व्होल्टच्या वर आणि अ‍ॅनोड शंभराच्या खाली? मग आधीचा कपलिंग कपॅसिटर (दोन स्टेजना जोडणारा) गळतोय. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या रेडिओतले कागदी कपॅसिटर ‘व्हिंटेज आवाजासाठी’ लावणाऱ्यांच्या डब्यात हे हमखास सापडतं. रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आणि सॉकेट जरूर घ्या, कपॅसिटर नको.

आणखी काही, थोडक्यात

सॉकेटच्या पिना खालून बघताना घड्याळाच्या दिशेने मोजतात. चित्र वरून बघून जोडलं की सगळं उलटं होतं.

ईसीसी८८ हा ईसीसी८३ च्या जागी बसतो म्हणून चालतो असं नाही. त्याचा हीटर पिन ४ आणि ५ मध्ये ६.३ व्होल्टचा. तिथे १२.६ आले की व्हॉल्व्ह गेला.

डब्यातून आकाशवाणी ऐकू येते? पुण्यात ७९२ किलोहर्ट्‌झचं केंद्र जवळ असल्याने हे होतं. पहिल्या ग्रिडच्या पिनेला चिकटून एक ते दहा किलोओमचा रेझिस्टर लावा. चिकटून म्हणजे अक्षरशः पिनेवर, दोन इंच लांब नाही.

सोल्डरिंग पेस्टचा थर पुसून टाका. ग्रिडपाशी दहा लाख ओमच्या जागी ती पेस्टच वाट करून देते आणि खरखर सुरू होते.

पेन्सिलीने व्हॉल्व्हवर टिचकी मारा. घंटेसारखा वाजला तर तो पहिल्या स्टेजमधून काढून मागे लावा.

फँटमच्या, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधूनच द्यायच्या, ४८ व्होल्टसाठीचे ६.८ किलोओमचे दोन रेझिस्टर एक टक्क्याचे घेऊन, मीटरने जुळवून लावा. ते असमान असले की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून डीसी वाहतो.

इनपुट ट्रान्सफॉर्मरवर पैसे वाचवणं

डायनॅमिक माइकपासून दीड-दोन मिलिव्होल्ट मिळतात. ते सरळ ग्रिडला दिले तर व्हॉल्व्हची स्वतःची हिस्स सिग्नलच्या बोकांडी बसते. एकास दहाचा ट्रान्सफॉर्मर हिस्स जवळजवळ न वाढवता २० डेसिबल देतो. जेन्सनचा जेटी-११५के-ई महाग आहे, पण परदेशी व्हॉल्व्हच्या जोडीवर उडवलेले पैसे इथे घाला.

त्याची जागा ठरवण्याआधी मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू ठेवा. इनपुट ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी दुसऱ्या एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडा आणि तो हातात घेऊन, मेन्सच्या वायरपासून बोटं लांब ठेवून, फिरवत राहा. एका कोनात हमिंग एकदम बुडतं. तिथे खूण करा आणि मगच भोकं पाडा.

आउटपुटला दुर्लक्ष करणं

अ‍ॅनोडवरून थेट आउटपुट काढलं तर तिथला इम्पिडन्स ४० किलोओमच्या जवळ असतो. पाच मीटर शील्डची केबल ५०० पिकोफॅरड धरली की आठ किलोहर्ट्‌झच्या वरचा आवाज तिथेच घसरू लागतो. शिवाय रेकॉर्डिंग इंटरफेसचा इनपुट १० किलोओमचा असला तर लेव्हल पाचव्या हिश्शावर येते. लोक याला ‘व्हॉल्व्हची ऊब’ म्हणतात. ही ऊब नाही, हा तोटा आहे. ईसीसी८२ चा कॅथोड फॉलोअर, म्हणजे कॅथोडवरून आउटपुट काढणारी कमी इम्पिडन्सची स्टेज, लावा.

तो लावल्यावर पुढची चूक कपॅसिटरची. सवयीने ०.१ मायक्रोफॅरड लावला तर १० किलोओमसमोर १६० हर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरतं. डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज त्यातच जातात. २.२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घ्या आणि त्याच्या पुढे ग्राउंडला २२० किलोओम द्या, म्हणजे केबल लावताना ठोका बसणार नाही. हा कपॅसिटर बोटभर जाड असतो, म्हणून पत्रा कापण्याआधीच त्याची जागा धरून ठेवा.